रीजंट्सचं काय करायचं: मधेच न्यूयॉर्कला आलेल्या मुलांच्या आईबाबांसाठी

जुलै उजाडला की नव्याने आलेल्या मराठी घरांतून फोन सुरू होतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, इथे बोर्ड कितवीला असतं?" याचं उत्तर फोनवर धड देता येत नाही, म्हणून एकदाचं लिहून काढते. मी पुण्यात आठवी-नववीला गणित शिकवायचे. इकडे लाँग आयलंडवर आल्यापासून एका हायस्कूलमध्ये टीचिंग असिस्टंट आहे, आणि माझी दोन्ही मुलं याच परीक्षा देऊन बाहेर पडली. तेव्हा खालचं सगळं न्यूयॉर्क राज्यापुरतं आहे. दुसऱ्या राज्यात उतरणाऱ्यांसाठी शेवटी थोडं लिहिलंय.

तर, इथे 'बोर्डाचं वर्ष' असं काही नसतं. नववी ते बारावी अशी हायस्कूलची चार वर्षं. ज्या वर्षी मूल जो विषय शिकतं, त्या वर्षाच्या शेवटी त्या विषयाची राज्याची परीक्षा देतं. तीच रीजंट्स. प्रकार जुना आहे, १८६५ पासूनचा. डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, हवा तर अशा पाच परीक्षांत पास व्हावं लागतं: इंग्रजी, एक गणित, एक विज्ञान, एक सामाजिक शास्त्र, आणि पाचवी आपल्या सोयीची. याला शाळेत सगळे 'फोर प्लस वन' म्हणतात. पाचवीसाठी आपली बहुतेक मुलं दुसरं गणित किंवा दुसरं विज्ञान धरतात आणि ते बरोबरच आहे. पासिंग ६५ ला.

परीक्षांशिवाय २२ क्रेडिट लागतात (एक विषय वर्षभर शिकून पास झालं की साधारण एक क्रेडिट): इंग्रजी ४, सामाजिक शास्त्र ४, गणित ३, विज्ञान ३, परभाषा १, कला १, आरोग्य अर्धं, उरलेली ऐच्छिक विषयांची, आणि हो, पीटीची २. या पीटीला हसू नका. गणितात नव्वदच्या वर असलेला मुलगा बारावीच्या शेवटी जिमच्या क्रेडिटसाठी धावपळ करताना मी पाहिलाय.

निघण्याआधी बॅगेत काय भरायचं

आठवीपासूनच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाची नोंद, हे सगळेच आणतात. मी आणखी एक सांगते: पुस्तकांच्या अनुक्रमणिका आणा.

कारण असं. भारतातल्या शिक्षणाचं कोणतं क्रेडिट द्यायचं हे इथल्या शाळेचे प्रिन्सिपल ठरवतात. त्यांच्यापुढे तुमच्या मुलीची गुणपत्रिका जाते आणि तिच्यावर नुसतं 'मॅथेमॅटिक्स' लिहिलेलं असतं. इथे अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू असे वर्षावर्षाचे वेगळे कोर्स. मग काउन्सेलर, म्हणजे मुलांना विषय लावून देणारा शाळेतला सल्लागार, विचारतो, हे नक्की कुठलं गणित? आपल्या नववी-दहावीला गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, हे त्याला कुठून माहीत असणार? बालभारतीची इंग्रजी माध्यमाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. त्यांची अनुक्रमणिकेची पानं छापून गुणपत्रिकेला टाचा. विज्ञानाचंही तसंच करा, आणि प्रयोगवही असेल तर तीही आणा. काउन्सेलरला समोर कागद दिसला की काम हलतं. तोंडी सांगितलेलं तो मान डोलावून ऐकतो आणि मुलीला नववीच्या गणितात बसवतो.

क्रेडिट मिळालं म्हणजे परीक्षेतून सुटका झाली, असं मात्र धरून चालू नका. गणिताची निदान एक रीजंट्स लागतेच. अकरावी-बारावीत पहिल्यांदाच न्यूयॉर्कच्या शाळेत येणाऱ्यांना काही विषयांत सूट असते. ती तुमच्या मुलाला लागू आहे का, हे काउन्सेलरकडून लेखी घ्या. ईमेल चालेल.

घरी कोणती भाषा बोलता?

प्रवेश घेताना एक फॉर्म देतात, होम लँग्वेज क्वेश्चनेअर. घरी मराठी बोलतो असं लिहिलं तर मुलाची मुलाखत होऊ शकते, आणि गरज वाटली तर इंग्रजीची चाचणीही. तीत मूल कमी पडलं तर ते ईएनएलच्या म्हणजे नव्याने इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वर्गात जातं. आपल्याकडच्या पालकांना हे कमीपणाचं वाटतं आणि बरेच जण सरळ 'इंग्लिश' लिहून मोकळे होतात. माझं मत विचाराल तर खरं ते लिहा. मुलाला इंग्रजी चांगलं येत असेल तर ते चाचणीत दिसेलच. येत नसेल तर त्या शिक्क्याबरोबर रीजंट्सला जास्तीचा वेळ मिळतो आणि शब्दाला शब्द देणारा द्विभाषिक कोश वापरता येतो. अर्थ समजावून सांगणारा कोश चालत नाही, आणि आपले मराठी कोश बहुतेक तसलेच असतात, तेव्हा आधी शाळेला दाखवून घ्या. ईएनएलमधून बाहेर पडल्यावरही दोन वर्षं या सवलती देता येतात.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट आहे. गणित, विज्ञान, इतिहासाचे पेपर स्पॅनिश, चिनी अशा काही भाषांत छापलेले मिळतात. मराठीत नाहीत. पण ज्या भाषेत छापील पेपर नाही, तिच्यासाठी शाळा तोंडी भाषांतर करणारा माणूस देऊ शकते आणि मूल उत्तरं स्वतःच्या भाषेत लिहू शकतं. इंग्रजीच्या पेपराला अर्थातच हे नाही. शाळेला मराठी भाषांतरकार आयत्या वेळी सापडत नाही, म्हणून परीक्षेच्या दोन-तीन महिने आधीच मागणी करा.

६५ म्हणजे ६५ टक्के नव्हे

हे कळलं की निम्मी धास्ती जाते. आपल्याकडे ३५ ला पास, इथे ६५, म्हणजे किती अवघड, असं वाटतं. प्रत्यक्षात मुलाचे कच्चे गुण मोजतात आणि मग त्या परीक्षेसाठी काढलेल्या तक्त्यातून त्यांचं रूपांतर करतात. तक्ता दर खेपेला नवा.

अल्जिब्रा वनचा पेपर घ्या. ३५ प्रश्न, ८२ कच्चे गुण, तीन तास. पहिल्या भागात २४ बहुपर्यायी प्रश्न, प्रत्येकी २ गुणांचे, म्हणजे ४८ गुण तिथेच. चुकीला वजावट नाही, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडायचा नाही. पुढे २ गुणांचे सहा, ४ गुणांचे चार आणि शेवटी ६ गुणांचा एक प्रश्न. आता राज्याच्या शिक्षण खात्याच्या वेबसाइटवर जाऊन जुन्या पेपरांचे तक्ते उघडा. या पेपराला गेल्या काही वर्षांत एकूण कच्च्या गुणांच्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ६५ लागलेले दिसतात. ८५ च्या ओळीवर मात्र बोट ठेवलंत तर तिथे पेपर खरोखर यावा लागतो. ६५ स्वस्त, ८५ महाग.

त्या वेबसाइटवर पेपर, उत्तरं, तपासणाऱ्यांसाठीच्या सूचना आणि तक्ता असं सगळं फुकट ठेवलेलं आहे. क्लासला पैसे घालण्याआधी एवढं करा: जूनचा एक जुना पेपर छापा, शनिवारी सकाळी मुलाला तीन तास बसवा, तपासणीच्या सूचना हातात धरून तुम्ही स्वतः तपासा आणि तक्त्यात गुण बघा. मूल कुठे उभं आहे ते दुपारच्या जेवणाआधी कळेल.

तपासताना आपल्या मुलांचा एक दोष हमखास सापडतो. भाग दोनपासून पुढे रीत दाखवावी लागते. समजा वर्गसमीकरण आहे, मुळं ७ आणि उणे २. आपली पोरगी मनात अवयव पाडते आणि थेट दोन आकडे लिहून पुढे जाते. तपासनिसाच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं की उत्तर बरोबर पण रीत नाही, तर १ गुण. प्रश्न चार गुणांचा असला तरी एकच. पुण्यात मी ज्या मुलांना 'स्टेप्स लिही, स्टेप्स लिही' म्हणून ओरडायचे त्यांना इथे आणून बसवावंसं वाटतं.

दुसरं, 'एक्सप्लेन' म्हटलं की ती गांगरतात. परिमेय आणि अपरिमेय संख्येची बेरीज अपरिमेय का, हे एका वाक्यात इंग्रजीत लिहायचं असतं. आकडेमोड नाहीच. आम्हाला प्रमेय पाठ असतात, कारण सांगायची सवय नसते. रोज अशी दोन वाक्यं लिहायला लावा.

तिसरं, ग्राफिंग कॅल्क्युलेटर. आपल्या दहावीला कॅल्क्युलेटर नाही, त्यामुळे मुलांना तो वापरणं म्हणजे लबाडी वाटते. इथे तो गृहीत धरूनच पेपर काढतात. शाळेने परीक्षेला तो उपलब्ध करून द्यायचा असतो, पण हात बसायला घरी सराव हवा. टीआय-८४ जुना, वापरलेला घेतला तरी चालतो. आलेख काढून दोन रेषा कुठे छेदतात हे त्यावर बघता आलं की बहुपर्यायीतले कितीतरी प्रश्न सुटतात. परीक्षेआधी त्याची मेमरी पुसतात, तेव्हा आत काही साठवून ठेवण्यात अर्थ नाही.

इंग्रजी आणि इतिहास

इंग्रजीच्या पेपरात २४ बहुपर्यायी प्रश्नांचे कच्चे गुण २४. दुसऱ्या भागातला एकटा निबंध ६ पैकी तपासतात आणि त्याला चारने गुणतात, म्हणजे तेही २४. तिसरा भाग ४ पैकी, दोनने गुणून ८. एकूण ५६. म्हणजे तो एक निबंध सगळ्या बहुपर्यायी प्रश्नांच्या तोलाचा आहे, आणि आपली मुलं उताऱ्यांवर वेळ घालवून निबंधाला शेवटचा अर्धा तास ठेवतात. उलट करा. निबंध आधी लिहिला तरी कोणी अडवत नाही.

निबंधही आपल्या पद्धतीचा नाही. सुविचार, कवितेच्या ओळी, 'विज्ञान शाप की वरदान' छापाची सुरुवात, यांना इथे दमडी मिळत नाही. चार उतारे दिलेले असतात. एक बाजू घ्यायची, निदान तीन उताऱ्यांतून पुरावे द्यायचे, विरुद्ध बाजूचं म्हणणं मांडून ते खोडायचं, आणि प्रत्येक पुराव्यापुढे कंसात उताऱ्याचा क्रमांक व ओळीचा क्रमांक टाकायचा. जुन्या पेपरांबरोबर खऱ्या मुलांनी लिहिलेले निबंध आणि त्यांना ६, ५, ४, ३ का दिले याची कारणं छापलेली असतात. ३ चा आणि ५ चा निबंध शेजारी ठेवून मुलाबरोबर वाचा. एवढी चांगली शिकवणी विकत मिळणार नाही.

सामाजिक शास्त्रात ग्लोबल हिस्टरी किंवा अमेरिकेचा इतिहास, यांपैकी एक पास झालं की चालतं. ग्लोबलचा पेपर १७५० पासून पुढचा. त्यात गांधीजी आणि फाळणी अभ्यासक्रमातच आहेत, त्यामुळे आपलं मूल खूश असतं. पण तिथेही सनावळ्या विचारत नाहीत. पाच कागदपत्रं देतात, त्यांतून काळ बदलला तरी सुटत नाही असा एक प्रश्न शोधायचा आणि निदान तीन कागदपत्रं वापरून त्यावर निबंध लिहायचा. पाठांतर उपयोगी पडतं, पण दुसऱ्या क्रमांकाला.

प्रयोगशाळेची १२०० मिनिटं

पालक ज्या गोष्टीपायी अडकतात ती ही. विज्ञानाच्या रीजंट्सला बसायचं तर वर्षभरात १२०० मिनिटं प्रत्यक्ष प्रयोग आणि त्यांचे समाधानकारक लेखी अहवाल लागतात. पूर्ण नसतील तर परीक्षेलाच बसू देत नाहीत, मग मूल कितीही हुशार असो. आपल्याकडे जर्नल शेवटच्या आठवड्यात मित्राचं बघून पूर्ण करायची जी परंपरा आहे, ती इथे चालत नाही, कारण मिनिटं हजेरीवर मोजतात.

जानेवारीत आलेल्या मुलाची निम्मी मिनिटं आधीच गेलेली असतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात विज्ञानाच्या शिक्षकांना ईमेल करा: मुलाची किती मिनिटं भरली, भारतातल्या प्रयोगांचं काही धरता येईल का, आणि भरपाईच्या लॅब कधी असतात. बहुतेक शिक्षक शाळा सुटल्यावर बसवून घेतात, पण एप्रिल-मेमध्ये गर्दी होते. दिवाळीला किंवा लग्नकार्याला भारतात तीन आठवडे जाणार असाल तर त्या आठवड्यांतल्या लॅब कुठल्या, ते आधी विचारून घ्या.

परीक्षेच्या दिवशी

इथे सुपरवायझर आपल्यासारखे खेकसत नाहीत, पण नियम पक्के आहेत. फोन खिशात सापडला, बंद असला तरी, पेपर बाद. स्मार्टवॉचही घरी ठेवा. गणिताची उत्तरं पेनने, आलेख आणि आकृत्या पेन्सिलने. वेगळा कच्चा कागद न्यायचा नाही, पुस्तिकेतल्या मोकळ्या जागेतच करायचं. आणि शेवटी, प्रश्न आधी माहीत नव्हते व कुणाची मदत घेतली नाही, अशा निवेदनाखाली सही असते. सही राहिली तर उत्तरपत्रिका घेत नाहीत.

नाही झाला पास तर

तर काही आभाळ कोसळत नाही. वर्ष वाया जात नाही, वर्ग थांबत नाही. रीजंट्स जून, ऑगस्ट आणि जानेवारीत होतात. सगळे विषय प्रत्येक वेळी नसतात, तेवढं वेळापत्रकात बघायचं. पुन्हा बसता येतं आणि जास्त गुण तेच धरतात. जूनमध्ये ६१ पडले तर ऑगस्टला बसवा. मधले आठवडे भारतवारीत घालवायचे असतील तर सरळ जानेवारी धरा.

दोनदा बसूनही ६० ते ६४ च्या मध्ये अडकलं तर अपील आहे. त्यासाठी वर्गात तो विषय पास असावा लागतो, शाळेने दिलेली जास्तीची मदत घेतलेली असावी लागते आणि शिक्षकांची शिफारस लागते. म्हणून एक्स्ट्रा हेल्पला जायला सांगा आणि हजेरी लागते ना ते बघा. अशी एक अपील मंजूर झाली तरी नेहमीचाच रीजंट्स डिप्लोमा मिळतो, दोन झाल्या तर लोकल डिप्लोमा, म्हणजे त्याच्या खालचा. नववीत किंवा नंतर अमेरिकेत आलेल्या ईएनएलच्या मुलांना इंग्रजीत ५५ ते ५९ वरही अपील करता येते, डिप्लोमा मग लोकल. ज्या मुलांचा आयईपी (शिकण्यात अडचण असलेल्या मुलासाठी शाळेने आखलेला वेगळा आराखडा) आहे त्यांच्यासाठी ५५ चा वेगळा आधार आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि शाळा आपणहून सांगेल याची वाट बघू नका.

'ॲडव्हान्स्ड डेझिग्नेशन'बद्दल आपले पालक फार विचारतात. तीन गणितं, दोन विज्ञान आणि परभाषेची अट पूर्ण केली की तो शेरा डिप्लोमावर येतो. मूल आपसूक त्या वाटेवर असेल तर छान. केवळ शेऱ्यासाठी रडतकढत अल्जिब्रा टू करायला लावू नका.

नियम बदलतायत

राज्याच्या शिक्षण खात्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या आराखड्यानुसार २०२७ च्या फॉलपासून, म्हणजे सप्टेंबरात सुरू होणाऱ्या वर्षापासून, डिप्लोमासाठी रीजंट्सची सक्ती काढायची आहे. म्हणून काही जण आत्ताच हात झटकायला लागलेत. परीक्षा बंद होणार नाहीत, कारण हायस्कूलमध्ये निदान एकदा इंग्रजी, गणित आणि विज्ञानाची चाचणी घ्यावी असा २०१५ चा केंद्रीय कायदा आहे. बऱ्याच शाळा रीजंट्सचे गुण वर्षाच्या निकालातही धरतात. तुमचं मूल कोणत्या वर्षी बाहेर पडणार आणि त्या तुकडीला कोणता नियम लागू, हे दर सप्टेंबरला काउन्सेलरला विचारा.

बाकी राज्यांची तऱ्हा वेगवेगळी. मॅसॅच्युसेट्समध्ये दहावीची राज्याची परीक्षा, एमकॅस, २००३ च्या तुकडीपासून सक्तीची होती, ती अट मतदारांनीच नोव्हेंबर २०२४ मध्ये काढून टाकली. परीक्षा मात्र चालू आहे. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्येच आपली परीक्षा थांबवली. टेक्सासमध्ये पाच स्टार परीक्षा लागतात: अल्जिब्रा वन, इंग्लिश वन आणि टू, बायॉलॉजी, अमेरिकेचा इतिहास. त्यातल्या एक-दोन राहिल्या तर शाळेची समिती मुलाचं एकूण काम बघून निर्णय घेऊ शकते. न्यू जर्सीत अकरावीला परीक्षा असते. ती नाही जमली तर एसएटीसारख्या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचे ठरावीक गुण किंवा कामाचा पोर्टफोलिओ असे पर्याय असतात. एडिसनला उतरणाऱ्यांनी शाळेत पहिल्या भेटीतच हे तिन्ही मार्ग कागदावर मागून घ्यावेत, आणि न्यूयॉर्कमधल्या मावसभावाचा सल्ला बाजूला ठेवावा.